परमुलखातल्या चित्रकारांची ओसरी : बॉम्बे आर्ट सोसायटी, १८८८ पासून

मुंबईचे म्हणून जे चित्रकार आपण ओळखतो, त्यांतले बरेचसे मुंबईत जन्मलेले नाहीत. धुरंधर कोल्हापूरचे, त्रिंदाद गोव्यातल्या सांग्याचे, हळदणकर सावंतवाडीचे, बेंद्रे इंदूरचे, हेब्बर उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे, आरा सिकंदराबादलगतच्या बोलारमचे, रझा मंडला जिल्ह्यातल्या जंगलपट्टीतले. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, पण लहानपण गेले इंदुरात. त्या काळचा नकाशा समोर धरला म्हणजे या प्रवासांचे वजन कळते. कोल्हापूर, सावंतवाडी, इंदूर, हैदराबाद ही संस्थाने होती आणि गोवा तर पोर्तुगिजांचा, म्हणजे सरळ परदेश. मुंबईत उतरलेल्या अशा पोराजवळ पथारी, रंगांची पेटी आणि कुणाच्या तरी नावाची एक चिठ्ठी असायची. पुष्कळदा चिठ्ठीही नसायची.

या सर्वांच्या चरित्रांत थोड्याफार फरकाने एक ओळ सापडते: ‘बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात चित्र लागले.’ सोसायटीचा इतिहास गव्हर्नरांच्या आश्रयाच्या अंगाने सांगता येतो, पदकविजेत्यांच्या यादीने सांगता येतो, जागांच्या स्थलांतरांनीही सांगता येतो. या स्मरणिकेसाठी मी त्यातली एकच बाजू धरली आहे. ज्याचे या शहरात कुणी नाही अशा उमेदवार कलावंताला सोसायटीने आणि तिच्याभोवती जमलेल्या माणसांनी कसे उभे केले, एवढेच इथे सांगायचे आहे. आज याला ‘मेंटरिंग’ म्हणतात आणि त्यासाठी अर्ज भरून घेतात. तेव्हा भिंतीवर थोडी जागा मिळायची आणि चित्रासमोर उभे राहून कुणीतरी खरे बोलायचे.

१८८८ ते १९०० : साहेबांची संस्था, शाळेतली पोरे

जमशेटजी जिजीभाय (जे. जे.) कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली होती. शिकलेल्यांनी चित्रे दाखवायची कुठे, हा प्रश्न मात्र तीस वर्षे तसाच होता. १८८८ मध्ये सोसायटी स्थापन झाली ती मुख्यतः युरोपीय अधिकारी आणि हौशी चित्रकार यांच्या पुढाकाराने. वर्षाकाठी प्रदर्शन भरवावे, बक्षिसे द्यावीत, शहरात कलेची गोडी वाढवावी, असा साधा हेतू होता. सुरुवातीच्या प्रदर्शनांत साहेबांची आणि मडमांची जलरंगातली निसर्गचित्रे पुष्कळ असत.

हिंदी कलावंत आत शिरले ते बहुतेक कलाशाळेचे विद्यार्थी म्हणून. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूर सोडून कलाशाळेत दाखल झाले आणि १८९५ मध्ये त्यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे तीच शाळा त्यांचे आयुष्य झाली. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन मराठी कलावाङ्मयातले पहिल्या रांगेतले पुस्तक आहे. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ला रौप्यपदक मिळाले. म्हात्रे तेव्हा विशीच्या आसपासचे विद्यार्थी. नऊवारी नेसून देवळाकडे निघालेली ती प्लास्टरमधली मुलगी पाहून सर जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या मोठ्या जाणकाराने विलायतेत तिच्यावर लिहिले.

पदकाचा व्यवहारातला उपयोग इथे सांगायला हवा, कारण पुढच्या पन्नास वर्षांत तो फारसा बदलला नाही. पदक म्हणजे एखाद्या संस्थानिकाकडून व्यक्तिचित्राचे काम, पारशी शेटजींच्या दिवाणखान्यात प्रवेश, किंवा निदान एखाद्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तरची जागा. कुळ-गाव कुणाला माहीत नसलेल्या माणसाची या शहरातली ती पहिली जामीनचिठ्ठी.

१९०१ ते १९३० : गोवेकर त्रिंदाद आणि वाढता पसारा

गोव्यातून मुंबईला येणाऱ्यांची वाट जुनीच. आचारी, शिंपी, बँडवाले, बोटीवरचे खलाशी धोबी तलावाच्या गावोगावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत आणि तिथून कामाला लागत. आन्तोनियु शाव्हियर त्रिंदाद याच वाटेने आले, कलाशाळेत शिकले, तिथेच शिकवू लागले. तैलरंगातली त्यांची व्यक्तिचित्रे अशी की लोक त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणत. १९२० मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद याही पुढे नावाजलेल्या चित्रकार झाल्या. बापलेकींच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पणजीच्या फुन्दासांव ओरिएन्तमध्ये आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी तो चुकवू नये.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ मध्ये स्वतःचा कलावर्ग काढला. सावंतवाडीहून आलेला तरुण काही वर्षांत इतरांना शिकवू लागतो, हा मुंबईचा जुना शिरस्ता. ज्याला कुणी हात दिला त्याने पुढच्याला द्यायचा, हे कुठल्या घटनेत लिहिलेले नव्हते.

याच काळात काही ज्येष्ठ कलावंतांना हिंदी चित्रकारांसाठी वेगळे व्यासपीठ असावेसे वाटले आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली. त्या वेळच्या चर्चा आता इतिहासजमा झाल्या आहेत. शहरात वर्षाला एका प्रदर्शनाऐवजी दोन प्रदर्शने होऊ लागली, हा नवख्या चित्रकाराचा नफाच.

१९३१ ते १९४० : इंदूरची मंडळी आणि जहाजांतून आलेले

या दशकात मुख्यतः दोन दिशांनी माणसे आली.

एक वाट इंदूरची. तिथे दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी कलाशाळा उभी केली होती. होळकरांच्या राज्यात मराठी बोलणारी वस्ती मोठी. देवळालीकर मास्तरांची मुले उन्हातान्हात बाहेर बसून रंगवायची आणि डिप्लोमाच्या परीक्षेला मुंबईला यायची. नारायण श्रीधर बेंद्रे त्यांतलेच. हुसेनही काही काळ त्याच मास्तरांच्या हाताखाली होते. इंदुरी रंग, म्हणजे जाड आणि ताजे फटकारे, मुंबईच्या गुळगुळीत तैलचित्रांत उठून दिसत. सोसायटीच्या परीक्षकांनी या परगावच्या धाटणीला दारातच अडवले नाही, हे त्यांचे मोठेपण.

दक्षिणेतून के. के. हेब्बर आले. पोटासाठी त्यांनी छायाचित्रांचे रिटचिंग केले, गिरगावात दंडवतीमठ यांच्या नूतन कलामंदिरात शिकले, मग जे. जे.मध्ये. पुढे सोसायटीचे पदक त्यांना मिळालेच. शिवाय संस्थेच्या कामातही त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःला जुंपून घेतले. १९३७ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक ‘तीन मुली’ या चित्राला मिळाले. चित्रकर्ती होत्या बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या, पॅरिसमध्ये शिकून आलेल्या अमृता शेर-गिल. तेव्हा त्यांचे वय जेमतेम चोवीस आणि मुंबईकरांना त्यांची ओळख फारशी नव्हती.

दुसरी वाट समुद्राची. जर्मनीत १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी बर्लिनचा एक तरुण भूगर्भशास्त्रज्ञ, रूडी फॉन लायडन, मुंबईला आपल्या भावाकडे आला. दगडांपेक्षा त्याला चित्रे जास्त कळत होती. तो ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासमीक्षा लिहू लागला. १९३६ च्या सुमारास माग्दा नाखमन आल्या. सेंट पीटर्सबर्गच्या, लेऑन बाक्स्टच्या विद्यार्थिनी, पती एम. पी. टी. आचार्य हे मद्रासकडचे क्रांतिकारक. रशियातून बर्लिन, बर्लिनमधून मुंबई असा त्यांचा उभ्या आयुष्याचा विस्थापितपणा. सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे नेमाने दिसू लागली. दशकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकवणारे वॉल्टर लँगहॅमर आणि त्यांच्या ज्यू पत्नी केटे मुंबईत पोहोचले. व्हिएन्नाच्याच नर्तकी हिल्डे होल्गर आल्या आणि त्यांनी इथे नृत्यशाळा काढली. कारखानदार इमॅन्युएल श्लेसिंगर आले. औषधांचा धंदा उभारता उभारता ते चित्रे जमवू लागले.

ही माणसे निर्वासित होती. युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन आणि ऑस्ट्रियन पारपत्रामुळे त्यांतल्या काहींना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून काही काळ स्थानबद्धतेत राहावे लागले. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांसाठी जे केले, त्याला संस्थेच्या इतिहासात तोड नाही. स्वतः उपरे असलेल्यांनी दुसऱ्या उपऱ्यांना ओळखले, असेच म्हणावे लागेल.

१९४१ ते १९५० : रविवारच्या बैठका आणि रॅम्पार्ट रो

लँगहॅमर ‘टाइम्स’मध्ये आर्ट डायरेक्टर होते. रविवारी नेपियन सी रोडवरचे त्यांचे घर खुले असे. तरुण मंडळी आठवडाभराचे काम काखोटीला मारून येत. लँगहॅमर चित्र उभे करीत, मागे सरकत, मग बोलत: इथे रंग मेला आहे, ही सावली काळी नको, निळी बघ. युरोपीय चित्रांच्या छापील प्रती पुढे ठेवून रचना कशी बांधली आहे ते दाखवत. कलाशाळेत अजून अॅकॅडमिक शिस्तीचा दबदबा होता. रंग स्वतःच्या अंगाने उजळू शकतो हे कित्येकांनी पहिल्यांदा ऐकले ते या दिवाणखान्यात. असे काम दाखवायला जाणाऱ्यांत सय्यद हैदर रझा होते.

रझांची हकिकत जरा सविस्तर सांगतो, कारण एका होतकरू परप्रांतीय कलावंताला काय काय लागते हे तिच्यात स्वच्छ दिसते. नागपूरच्या कलाशाळेतून ते १९४३ मध्ये मुंबईला आले. हातातोंडाची गाठ पडावी म्हणून एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ या ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यात डिझायनरची नोकरी धरली. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात शिकणे. काम सुटल्यावर त्याच जागेत त्यांना रंगवायची मुभा मिळाली. खिडकीतून दिसणारे रस्ते, गर्दी, पावसातली मुंबई हे त्यांचे पहिले विषय. डोक्यावर छप्पर मालकाने दिले, डोळ्याला वळण लँगहॅमरांनी, वर्तमानपत्रात दोन ओळी लायडननी, पहिले पैसे श्लेसिंगरसारख्या संग्राहकांनी. आणि शिक्कामोर्तब सोसायटीने: १९४६ मध्ये रौप्य, १९४८ मध्ये सुवर्णपदक. यातला एक दुवा निखळला असता तरी मंडल्याचा हा मुलगा ब्लॉकच्या कारखान्यातच राहिला असता, असे मला वाटते.

कृष्णाजी हौळाजी आरा यांचा प्रवास याहून खडतर. लहानपणीच घर सोडून पळून आलेले. साहेबांच्या घरी घरगडी, मग एका जपानी कंपनीत मोटारी धुणे. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास. कलाशिक्षण जवळजवळ शून्य. त्यांच्या हातातली जान लायडननी हेरली आणि धीर दिला. १९४२ मध्ये काळा घोड्याच्या चेतना रेस्टॉरंटमध्ये आरांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. १९४४ मध्ये सोसायटीच्या प्रदर्शनात मराठ्यांच्या लढाईच्या चित्राला गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले. मोटार धुणाऱ्याला गव्हर्नरचे बक्षीस! त्या दिवसांत शहरात ही बातमीच होती.

मकबूल फिदा हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवीत. फुटावर मोबदला, तोही आण्यांत. मग लहान मुलांचे फर्निचर आणि लाकडी खेळणी. १९४७ च्या वार्षिक प्रदर्शनात त्यांचे ‘सुनहरा संसार’ लागले, बक्षीस मिळाले आणि फ्रान्सिस न्यूटन सूझांची नजर त्यांच्यावर गेली. सूझा साळगावचे. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या आईबरोबर मुंबईला आलेले, १९४५ मध्ये कलाशाळेतून काढून टाकलेले. त्यांनी रझा, आरा, हुसेन, विदर्भातले हरी अंबादास गाडे आणि बडोद्यात जन्मलेले शिल्पकार सदानंद बाकरे यांना एकत्र केले. हाच तो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. सहांपैकी एकाचाही जन्म मुंबईचा नव्हता!

या तरुणांचे सोसायटीच्या निवडीबद्दल आणि आवडीनिवडीबद्दल स्वतःचे असे ठाम विरोधी मत होते. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, इथे त्यात शिरण्याचे कारण नाही. ७ जुलै १९४९ रोजी मुल्कराज आनंद यांच्या हस्ते या गटाचे पहिले प्रदर्शन उघडले, ते रॅम्पार्ट रोवरच्या सोसायटीच्याच सलॉनमध्ये, एवढी नोंद पुरे. ज्यांच्याशी पटत नाही त्यांनाही भिंत द्यावी, याहून मोठी शाबासकी एखाद्या कलासंस्थेला काय देता येईल?

आणखी एका कामाची नोंद राहून जाऊ नये. प्रदर्शनाला चित्र पाठवायचे तर ते चौकटीत बसवलेले हवे आणि चौकटीचा खर्च या मंडळींच्या आवाक्याबाहेरचा. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये केमोल्ड नावाने फ्रेम बनवण्याचा धंदा सुरू केला आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या आपल्या दुकानात फ्रेमांसोबत या पोरांची चित्रेही टांगायला सुरुवात केली. गिऱ्हाईक फ्रेम बघायला येई आणि चित्र बघून जाई. सोसायटीची भिंत आणि हे दुकान यांच्यात पायी चालण्याइतकेच अंतर. कारकीर्द म्हणतात ती पुष्कळदा या अंतरातच सुरू झाली.

१९५१ ते १९६० : हक्काचे छप्पर, आणि पुढची वाट परदेशाची

दशकाची सुरुवात चटका लावणारी झाली. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी माग्दा नाखमन यांच्या एकल प्रदर्शनाचे उद्घाटन ठरले होते. त्याच दिवशी, दार उघडायच्या काही तास आधी, त्यांचे निधन झाले. प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झाले.

तोवर सोसायटीची वार्षिक प्रदर्शने भाड्याच्या सभागृहांतून भरत आली होती. कायम चित्रदालन हवे म्हणून हेब्बर, होमी भाभा, केकू गांधी अशा अनेकांनी आणि सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी लकडा लावला होता. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ देणगी दिली, म्युझियमच्या आवारातली जागा मिळाली, दुर्गा बाजपेयी यांनी आराखडा केला. २१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी जहांगीर आर्ट गॅलरीचे उद्घाटन केले. सोसायटीचे कार्यालय त्याच इमारतीत आले आणि अनेक दशके तिथेच राहिले. गावाकडून आलेल्या चित्रकाराला आता एकच पत्ता शोधायचा होता.

गंमत अशी की, ज्यांना मुंबईने उभे केले तेच या दशकात स्वतः परदेशी उपरे झाले. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेले होते. रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि १९५६ मध्ये त्यांना तिथला ‘प्री द ला क्रितीक’ हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. बाकरे लंडनला गेले. उतारवयात परतून ते दापोलीजवळच्या मुरुड-हर्णैला एकांतात राहिले. मडगावचे लक्ष्मण पै पोर्तुगीज तुरुंग पाहून आलेले, तेही जे. जे.तून पॅरिसला गेले, दहा वर्षे राहिले आणि पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. लंडन-पॅरिसमध्ये यांनी तंगीचे दिवस काढले, गॅलऱ्यांची दारे ठोठावली. तिथे कुणी ना कुणी त्यांचे लँगहॅमर झालेच. खुद्द लँगहॅमर १९५७ मध्ये भारत सोडून युरोपला परतले.

लायडन यांचे मात्र इथले एक वेड शेवटपर्यंत सुटले नाही: गंजिफा. हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा त्यांनी मोठा संग्रह केला, त्यावर पुस्तके लिहिली. सावंतवाडीच्या चितारी घराण्यांची कला जगापुढे नेणाऱ्यांत बर्लिनच्या या माणसाचे नाव वरचे आहे.

१९६१ ते १९८० : पसरलेले शहर

या दोन दशकांत काळा घोडा परिसर गजबजला. १९६३ मध्ये केमोल्ड गॅलरी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर सुरू झाली. १९६४ मध्ये समोवार हे उपाहारगृह तिथेच निघाले, आणि एका चहावर तासन्तास बसू देणारी जागा होतकरू चित्रकाराला किती लागते हे मुंबईला कळले. भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने चित्रांची खरेदी चालू ठेवली होती. नागपूरजवळच्या बेल्याहून आलेल्या बी. प्रभा यांच्यासारख्यांना सुरुवातीच्या काळात भाभांनी घेतलेल्या चित्रांचा मोठा आधार झाला.

सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन न चुकता भरत होते. निवड, टांगणी, सूचिपत्र, बक्षीसवाटप हे काम दरवर्षी तेच. त्यात झळकण्यासारखे काही नसते; पण चिटणीस, कार्यकारिणीचे सभासद, कार्यालयातले कर्मचारी आणि चित्रे उचलणारे हमाल यांनी वर्षानुवर्षे ते पार पाडले. या मजकुरात त्यांची नावे आली नाहीत, याचा अर्थ त्यांचा वाटा कमी होता असा नाही.

जवळच रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरमध्ये आरा ठाण मांडून बसले होते. लग्न केले नाही, संसार मांडला नाही. नवा मुलगा आला की त्याची चित्रे बघायची, जागा कुठे मिळेल ते सांगायचे, प्रदर्शन लावून द्यायचे. मोटारी धुणाऱ्या माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध दुसऱ्यांच्या चित्रांना खिळे ठोकण्यात घालवला. मुंबईच्या कलाविश्वात त्यांच्यापेक्षा महाग चित्रकार पुष्कळ झाले; इतका उपयोगी चित्रकार मला तरी दुसरा दिसत नाही.

१९८१ ते २००० : शताब्दी आणि शिष्यवृत्ती

१९८५ मध्ये आरा गेले. १९८८ मध्ये सोसायटीने शंभर वर्षे पूर्ण केली.

तरुणांना नुसते बक्षीस देऊन भागत नाही, वर्षभर रंग-कॅनव्हास परवडायला हवा, हे पदाधिकाऱ्यांना दिसत होते. बेंद्रे आणि हुसेन या दोघांच्या नावाने दिली जाणारी शिष्यवृत्ती हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कित्येक चित्रकारांच्या परिचयपत्रात ‘बेंद्रे-हुसेन शिष्यवृत्ती, बॉम्बे आर्ट सोसायटी’ ही ओळ वाचायला मिळते. एकाच देवळालीकर मास्तरांचे, एकाच इंदूरचे, मुंबईत परके म्हणून आलेले हे दोघे. त्यांची नावे अशी जोडीने राहिली, हे फार योग्य झाले. बेंद्रे १९९२ मध्ये गेले. बडोद्याच्या चित्रकला विभागाची पायाभरणी करून मुंबईला परतल्यावरही ते तरुणांसमोर प्रात्यक्षिक करायला कधी कंटाळले नाहीत.

१९९६ मध्ये जुन्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. खाजगी गॅलऱ्या वाढल्या, बाजार आला. सोसायटीच्या पदकाशिवायही कलावंत पुढे येऊ लागला. हे मान्य करायला संकोच वाटायला नको.

२००१ ते आजवर : वांद्रे आणि पुढे

स्वतःची वास्तू हे सोसायटीचे शतकभराचे स्वप्न गेल्या दशकात वांद्रे रेक्लमेशनला पुरे झाले. संजय पुरी यांच्या रचनेची ती वळणदार पांढरी इमारत चित्रदालने आणि सभागृहासह उभी आहे. जागा मिळवणे, निधी जमवणे, परवानग्या, बांधकाम या कामांत अनेक कार्यकारिणींचा हात लागला. मतमतांतरे झाली असतील. इमारत उभी राहिली, हे महत्त्वाचे.

अखिल भारतीय वार्षिक प्रदर्शन ही आजही मुख्य घटना. व्यावसायिक कलावंत आणि विद्यार्थी असे दोन्ही विभाग, चित्र, शिल्प, मुद्राचित्र यांसाठी पारितोषिके, ज्येष्ठांसाठी ‘रूपधर’ सन्मान, शिवाय व्याख्याने आणि प्रात्यक्षिके. प्रवेशिका देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतात.

येणारा तरुण मात्र बदलला आहे. तो ओडिशाचा असेल, छत्तीसगडचा, केरळचा, गडचिरोलीचा. कलाशाळेची पदवी त्याच्याजवळ आहे, फोनमध्ये जगातली सगळी चित्रे आहेत. नाही ती जागा. विरार-डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीत सहा फुटी कॅनव्हास उभा राहत नाही, लोकलमधून नेता येत नाही. लँगहॅमरांच्या घरासारखा रविवारचा दिवाणखानाही शहरात उरलेला नाही. गॅलरीवाला विकले जाणारे बघतो, समाजमाध्यम आवडलेले बघते. ‘ही सावली काळी नको’ असे तोंडावर सांगणारा माणूस मिळणे पूर्वीपेक्षा दुर्मीळ झाले आहे. सोसायटीकडे आता इमारत आहे, ज्येष्ठ सभासदांची मोठी फळी आहे. तिथे दर रविवारी दोन तास एका खोलीचे दार उघडे ठेवले आणि एक ज्येष्ठ चित्रकार खुर्ची टाकून बसला, तर त्याला फार निधी लागणार नाही.

जाता जाता वाचकांना एक विनंती. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांची जुनी सूचिपत्रे, निमंत्रणपत्रिका, निवड किंवा नकाराची पत्रे कुणाच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर पडली असतील, तर त्यांच्या प्रती संस्थेच्या कार्यालयात जरूर पोहोचवाव्यात. पदक मिळालेल्यांची नावे पुस्तकांत आली आहेत. चित्र लागले पण बक्षीस मिळाले नाही, आणि जे मग गावी परतले किंवा कुठल्या तरी शाळेत ड्रॉइंग शिकवत राहिले, त्यांची नावे फक्त त्या सूचिपत्रांत आहेत.